फिल्टर बदलला की आठ दिवस ठीक, मग घाटात पुन्हा दम जातो: कॉमन रेल इंजिन बसवलेल्या जुन्या ट्रकची तक्रार

जुन्या ट्रकात कॉमन रेल इंजिन (ज्यात डिझेल एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, प्रचंड दाबाखाली राहून सगळ्या नोझलना मिळते) आणि त्याच्याच जोडीचा गियरबॉक्स बसवला की महिन्या-दोन महिन्यांत एक तक्रार हमखास येते. गाडी एका चावीला सुरू होते, आयडलला छान चालते, रिकामी असताना मडगाव-पणजी बिनबोभाट जाते. चिरे किंवा रेती भरून मोलेहून अनमोड घाटाला लागली की तिसऱ्या-चौथ्या वळणावर ओढ कमी होते. चेक लाइट लागते, रेस तळाला टेकवली तरी इंजिन १५०० फेऱ्यांच्या वर चढत नाही. बाजूला घेऊन चावी बंद केली आणि पुन्हा मारली की दहा मिनिटे सगळे सुरळीत. गॅरेजमध्ये डिझेल फिल्टर बदलला की आठवडाभर तक्रार नाही. नवव्या दिवशी तोच घाट, तेच वळण.

मग पंप उतरवून टेस्ट बेंचवर जातो, नोझल जातात, हजारो रुपये खर्च होतात आणि बेंचवरून कागद येतो की पंप चांगला आहे. तो कागद बहुतेक वेळा खरा असतो. इंजिन आणि गियरबॉक्स नवे आले, पण त्यांच्याभोवती जुन्या गाडीचे जे उरले आहे, म्हणजे डिझेल टाकी, तिचा पाइप, ब्रीदर (टाकीत हवा येण्याचे छिद्र), अर्थिंग, रेडिएटर आणि मागचे हाउजिंग (मागच्या चाकांचा डिफरन्शियल), तिथेच दोष सापडतो. जुना मेकॅनिकल इनलाइन पंप थोडी हवा, थोडा गंज, थोडा बारीक पाइप सहन करत असे. फार तर धूर वाढे, गाडी थोडी मंद होई. कॉमन रेलमध्ये ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, दर क्षणाला दाब मोजतो आणि मागितलेला दाब मिळाला नाही की स्वतःहून ताकद काढून घेतो. म्हणून पंप-नोझलला हात लावण्याआधी मोजायचे, आणि तेही चढावर, गाडी भरलेली असताना.

आधी स्कॅनरवर दोन आकडे

कोड वाचा, पण कोडवर थांबू नका. पिकअपसारख्या छोट्या गाडीचे इंजिन असेल तर सहसा पी००८७ मिळतो. मोठ्या ट्रकच्या इंजिनावर तीच गोष्ट एसपीएन १५७ आणि सोबत एफएमआय १ किंवा १८ या रूपात दिसते. दोन्हींचा अर्थ रेलचा दाब मागणीपेक्षा कमी. दाब का कमी, हे कोड सांगत नाही. मोठ्या ट्रकच्या इंजिनाला बऱ्याचदा नऊ पिनचे सॉकेट आणि ते वाचणारा स्कॅनर लागतो. मोबाइलला जोडायचे स्वस्त यंत्र तिथे बहुधा काहीच दाखवत नाही, आणि त्यावरून ‘कोड नाही, इंजिन ठीक’ असा निष्कर्ष काढणे चूक.

स्कॅनरच्या लाइव्ह डेटात (चालू इंजिनाचे आकडे) मागितलेला रेल दाब आणि प्रत्यक्ष रेल दाब एकत्र लावा आणि शेजारच्या माणसाला नोंद करायला सांगा. आयडलला हे आकडे साधारण २५० ते ३५० बारच्या आसपास असतात, भाराखाली हजाराच्या वर जातात. गाडीचा दम जातो त्या क्षणी काय होते ते पाहा. मागणी १२०० किंवा १३०० वर टिकून आहे आणि प्रत्यक्ष दाब ८००-९०० वर घसरतो आहे, तर डिझेल पोचत नाही किंवा आत गळते आहे. रेस पूर्ण दाबलेली असताना मागणीच खाली आली, तर डिझेलचा प्रश्न नाही. ईसीयूला दुसरेच काही खटकले आहे आणि तो जाणूनबुजून हात आखडता घेतो आहे. पुढची सगळी शोधाशोध या एका फरकावर उभी आहे. तो न पाहता टाकी उतरवू नका आणि पेडलही बदलू नका.

इंजिन बंद, चावी ऑन असताना रेल सेन्सरचा सिग्नल साधारण ०.५ व्होल्ट आणि दाब शून्याजवळ दिसायला हवा. बंद इंजिनावर ६०-७० बार दाखवत असेल तर सेन्सर, त्याची ५ व्होल्टची लाइन किंवा त्याची अर्थ बिघडलेली आहे. तिथे आधी लक्ष द्या.

फिल्टर बदलल्यावर बरे का वाटते

मागणी टिकून दाब घसरतो, हा प्रकार सर्वांत जास्त दिसतो. जुन्या टाटा ४०७ सारख्या गाडीत टाकीपासून फीड पंपापर्यंत ८ मिमीचा पाइप असला तर त्याचे आतले भोक ६ मिमीच असते. जुन्या इंजिनाला ते पुरत होते, कारण मेकॅनिकल पंप जळते त्याहून थोडेच जास्त डिझेल ओढतो. कॉमन रेलचा हाय प्रेशर पंप जळणाऱ्याच्या कित्येक पट डिझेल ओढतो. त्यातले बरेचसे पंपाला थंड ठेवून आणि वंगण देऊन टाकीत परत जाते. सुमारे ७० किलोवॅटचे इंजिन पूर्ण भाराला तासाला साधारण १८ लिटर जाळत असेल, तरी सक्शन पाइपमधून ८०-९० लिटर जाणे साधी गोष्ट आहे.

हिशेब करून पाहा. ६ मिमी भोकाच्या ४ मीटर पाइपमधून तासाला ९० लिटर डिझेल जाताना नुसत्या पाइपमध्ये सुमारे ०.०८ बार दाब खर्च होतो. टाकीच्या तळापासून पंप ६० सेंटिमीटर वर असेल तर उचलण्यात ०.०५ बार. टाकीतली जाळी, दोन-तीन बँजो बोल्टची (पाइप जोडायचे पोकळ बोल्ट) बारीक छिद्रे आणि एखादी दबलेली वाकण मिळून आणखी ०.०५ ते ०.१. नव्या फिल्टरचे ०.०५ धरा. पंपाच्या तोंडाशी सगळे मिळून पाव बारपर्यंत ओढ पोचते, आणि एवढ्यात पंप कसाबसा चालतो. आठ दिवसांत टाकीतला गंज आणि चिखल फिल्टरवर बसतो, आणखी ०.१ बार खर्च होतो आणि गाडी काठावरून खाली पडते. फिल्टर बदलला की ती पुन्हा काठावर येते. फिल्टर बदलून तक्रार मिटते याचा अर्थ फिल्टर हा रोग आहे असा नाही. उरलेल्या वाटेने सगळी शिल्लक आधीच खाऊन टाकलेली असते.

त्याच पाइपचे आतले भोक १० मिमी केले की ०.०८ ऐवजी जेमतेम ०.०१ बार खर्च होतो, कारण संथ प्रवाहात हा खर्च व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. एवढा मोठा फायदा एवढ्या कमी पैशांत या कामात दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

मोजण्यासाठी शून्य ते उणे १ बारचे व्हॅक्यूम गेज घ्या आणि पंपाच्या इनलेटला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून जोडा. ट्रान्सफरचा गियर पंप आधी आणि बारीक फिल्टर त्याच्या पुढे अशी रचना असेल तर गेज गियर पंपाच्या आधी. नळी लांब घेऊन गेज केबिनमधून दिसेल असे विंडस्क्रीनबाहेर बांधा, डिझेलची नळी केबिनमध्ये आणू नका. नवे फिल्टर असताना पूर्ण भाराला ०.२ बारच्या आत राहायला हवे. ०.३ च्या पुढे गेले की काहीतरी अडते आहे असे समजा. इंजिन कंपनीने स्वतःची मर्यादा दिली असेल तर तीच धरा.

डब्याची चाचणी

गेज नसेल तरी ही चाचणी अर्ध्या तासात होते आणि तिचे उत्तर सहसा चुकत नाही. स्वच्छ २० लिटरचा डबा घ्या. त्यातून १० मिमी भोकाची नवी डिझेल होज थेट प्री-फिल्टरच्या (बारीक फिल्टरच्या आधीचा जाड फिल्टर) इनलेटला जोडा. परतीची लाइनही त्याच डब्यात सोडा, नाहीतर दहा-पंधरा मिनिटांत डबा रिकामा होईल. डबा केबिनच्या मागे, बॉडीच्या पुढच्या फळीला घट्ट बांधा. सायलेन्सर आणि टर्बोपासून लांब, झाकण बंद, पण हवा आत येईल एवढी वाट ठेवून. मग भरलेली गाडी त्याच चढावर न्या.

दम परत आला तर दोष टाकी ते प्री-फिल्टर या टप्प्यात आहे. पंप, नोझल, ईसीयू सगळे सुटले. दम आला नाही आणि रेल दाब तसाच घसरतो, तर फिल्टर हेड किंवा पंपाच्या पुढची बाजू पाहायची.

त्याच वेळी प्री-फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये अर्धा फूट पारदर्शक नळी लावा, डिझेलला टिकणारी. इंजिन सुरू झाल्यावर मिनिटभर बुडबुडे दिसणे ठीक. पाच मिनिटांनंतरही साखळी चालूच असेल तर वाटेत कुठेतरी हवा धरते आहे. सक्शन बाजूला गळती बाहेर दिसत नाही. तिथून डिझेल टपकत नाही, हवा आत जाते. त्यामुळे सगळे कोरडे आहे म्हणून गळती नाही, हा तर्क इथे चालत नाही. सर्वांत आधी पुन्हा वापरलेले तांब्याचे वायसर, मग होज क्लिपखाली चिरलेले रबर, मग प्राइमरचा (हाताने डिझेल ओढून भरायचा) पंप आणि शेवटी प्री-फिल्टरच्या तळाचा पाणी काढायचा नळ, या क्रमाने पाहा.

टाकी

गोव्यात यावर थांबायलाच हवे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, नंतर थोड्या सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. सावर्डे, कुडचडे, डिचोली, साखळी या पट्ट्यात किती टिपर वर्षानुवर्षे जागेवर उभे राहिले ते सगळ्यांनी पाहिले आहे. अशा गाडीची चासी, हाउजिंग, बॉडी चांगली असते म्हणून तिच्यात नवे इंजिन बसवतात, आणि ते योग्यही आहे. पण अर्धी रिकामी टाकी इथल्या दमट हवेत तीन-चार पावसाळे उभी राहिली की वरचा पत्रा आतून गंजतो, तळाला पाणी साचते आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर काळसर, चिकट शेवाळासारखा थर वाढतो. बाहेरून रंग मारलेली टाकी पाहून काही कळत नाही. झाकणातून टॉर्च आत धरा, वरच्या पत्र्याकडे पाहा. तळ स्वच्छ आणि वर गंज अशी टाकी जास्त फसवते, कारण घाटात डिझेल हेलकावले की तो गंज धुऊन खाली येतो.

गंज वरवरचा असेल तर टाकी उतरवा, रिकामी करा, आत मूठभर स्वच्छ खडी किंवा जुनी साखळी आणि पाच लिटर डिझेल घालून चहूबाजूंनी हलवा. डिझेल लालसर येणे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. नंतर फॉस्फोरिक आम्लाचे गंज काढणारे द्रावण, भरपूर पाण्याने धुणे आणि गरम हवेने पूर्ण कोरडे करणे. पत्र्याला खड्डे पडले असतील तर ही मेहनत वाया आहे. नवी टाकी घ्या. वापरलेल्या टाकीला वेल्डिंग कधीच करू नका. धुतल्यासारखी वाटली तरी शिवणीत राहिलेली वाफ पेटते. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची टाकीही नको. जस्त डिझेलमध्ये उतरते आणि त्याचा साबणासारखा थर नोझलच्या छिद्रांत बसतो. तांब्याचा पाइपही टाळा, तांब्यामुळे डिझेल लवकर खराब होते.

सक्शनची नळी तळापासून २५ ते ३० मिमी वर संपावी, म्हणजे तळाचे पाणी ओढले जाणार नाही. तिच्या टोकाची जुनी बारीक जाळी काढून टाका, गाळण्याचे काम प्री-फिल्टरवर सोपवा. परतीचे डिझेल गरम आणि फेसाळ असते. ते सक्शनच्या शेजारी पडले तर तोच फेस पुन्हा ओढला जातो. परतीची नळी टाकीच्या दुसऱ्या टोकाला, डिझेलच्या पातळीखाली सोडा.

आता ब्रीदर. खाणीतली, चिऱ्यांच्या खाणीतली तांबडी माती टाकीच्या झाकणातल्या किंवा वरच्या बारीक छिद्रात बसते, पहिल्या पावसात तिचा गारा होतो आणि उन्हात सिमेंटसारखा घट्ट. डिझेल बाहेर जाते, हवा आत येत नाही. ओळखायची खूण अगदी साधी: दम गेला की इंजिन चालू ठेवूनच टाकीचे झाकण उघडा. ‘फस्स’ करून हवा आत गेली आणि रेल दाब सावरला, तर शोध तिथेच संपला. हे दहा सेकंदांचे काम न करता पंप उतरवलेल्या गाड्या कमी नाहीत.

पाइप आणि फिल्टरची मांडणी

टाकीतून १० मिमी भोकाची स्टीलची किंवा डिझेलला टिकणारी नायलॉनची लाइन, चासीच्या आतल्या बाजूने, दर अर्ध्या मीटरला रबरी क्लॅम्प. मग ३० मायक्रॉनचा प्री-फिल्टर, त्याला पाण्याची वाटी आणि प्राइमर. मग इंजिनाच्या कंपनीचा बारीक फिल्टर, ५ मायक्रॉनच्या आसपासचा. जुन्या गाडीची कापडी-नमद्याची दोन फिल्टरची जोडी ‘चांगली आहे, राहू दे’ म्हणून ठेवू नका. ती मेकॅनिकल पंपासाठी होती. तिच्यातून सुटणारी धूळ हाय प्रेशर पंपाला आणि नोझलच्या सुईला घासते. फिल्टर बसवण्याआधी त्यात वरून डिझेल ओतण्याची सवयही सोडा. ओतलेले डिझेल गाळलेले नसते. प्राइमर हाताने चालवून भरा, वेळ लागला तरी चालेल.

एक गोष्ट इंजिन घेतानाच विचारायची. ज्या गाडीतून ते आले तिच्या टाकीत विजेचा फीड पंप होता का? काही इंजिनांच्या हाय प्रेशर पंपाला स्वतःचा गियर पंप असतो, काहींना नसतो आणि टाकीतल्या पंपाने डिझेल ढकलणे गृहीत धरलेले असते. दुसऱ्या प्रकारचे इंजिन जुन्या टाकीला नुसत्या पाइपने जोडले तर सपाटीवर चालेल आणि चढावर हमखास मरेल. तिथे मूळ दाबाचाच पंप लावा. उलट गियर पंप असलेल्या इंजिनाला मनाने जास्त दाबाचा पंप लावला तर पंपाचे सील जाऊन डिझेल ऑइलमध्ये उतरू शकते. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर गाडी तिथेच थांबवा.

पंपाच्या पुढची बाजू

ओढ ०.२ बारच्या आत आहे, बुडबुडे नाहीत, तरी दाब घसरतो, तेव्हाच नोझलकडे वळा. प्रत्येक नोझलच्या परतीची नळी काढून पारदर्शक बाटलीत सोडा, तीन मिनिटे आयडलला चालवा आणि पातळ्या शेजारी ठेवून पाहा. एखादी बाटली इतरांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो नोझल गळतो. सगळ्या सारख्याच भरल्या आणि दाब येत नसेल तर पंपाचा मीटरिंग व्हॉल्व्ह आणि रेलचा रिलीफ व्हॉल्व्ह तपासायचा.

इथे एक कळकळीची विनंती. जुन्या इंजिनावर सिलिंडर पकडायला चालू इंजिनात नोझलचा नट सैल करत असत. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. हजार बारच्या वरचा डिझेलचा धागा डोळ्यांना दिसत नाही आणि चामडीतून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमावण्याची वेळ येते. इंजिन बंद करून काही मिनिटे थांबा, मगच लाइन सोडा. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. अंगात डिझेल घुसल्याची शंका आली तर दुखत नसले तरी लगेच बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळात जा आणि ‘दाबाखालचे डिझेल शिरले’ असे स्पष्ट सांगा.

मागणीच खाली येत असेल तर

दुसरी वाट. ईसीयूने स्वतःहून ताकद कापली आहे. गोव्यात पहिला संशय अर्थिंगवर. इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, म्हणजे चासीपासून तुटलेले असते. बसवताना जुनी गंजलेली अर्थ पट्टी तशीच लावली की स्टार्टरचा आणि अल्टरनेटरचा प्रवाह सेन्सरच्या तारांतून वाट शोधतो. मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या उणे खांबावर, दुसरे इंजिन ब्लॉकवर, आणि स्टार्टर मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर पट्टी बदला. मग ईसीयूच्या अर्थ पिनवर तेच, हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर चालू ठेवून २००० फेऱ्यांवर. इथे ०.१ च्या वर नको. १२ व्होल्टच्या गाडीत स्टार्टर मारताना ईसीयूला ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. ईसीयूची अर्थ चासीला कुठेतरी न टेकवता थेट बॅटरीपर्यंत न्या.

वायर तपासताना इन्सुलेशनला टाचणी टोचण्याची पद्धत इथे महागात पडते. त्या छिद्रातून खारी हवा शिरते आणि एका पावसाळ्यात तांबे हिरवे पडते. तपासणी कनेक्टरच्या मागून करा. जोड क्रिम्प करून आतून गोंद असलेल्या हीट श्रिंकने बंद करा. ट्रॉलर-बोटींच्या सामानाच्या दुकानात मिळणारी कथिल चढवलेली मरीन वायर थोडी महाग पडते, पण समुद्रकाठच्या गाडीला तीच घ्या.

नंतर रेसचे पेडल. नव्या पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. बऱ्याच पेडलांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट असतो, उदाहरणार्थ पाय वर असताना ०.७५ आणि ०.३७, पूर्ण दाबल्यावर ३.८ आणि १.९. हळूहळू दाबताना हे प्रमाण कुठेही तुटले तर ईसीयू पेडलवरचा विश्वास काढून घेतो. ईसीयूचा बाकीच्या गाडीशी संपर्क तुटतो अशी शंका असेल तर बॅटरी काढून कॅनच्या (ज्यावरून ईसीयू, डॅशबोर्ड एकमेकांशी बोलतात) दोन तारांमधला रोध मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतील तर ६० ओहम येतात. १२० आले म्हणजे एक रोधक जुन्या गाडीच्या डॅशबोर्डसोबत मागेच राहिला.

इंजिन २४ व्होल्टचे आणि गाडी १२ ची असेल तर ईसीयूला कन्व्हर्टरवर चालवू नका. पूर्ण इंजिन २४ वर ठेवा आणि दिवे-वायपरला २४ ते १२ चा कन्व्हर्टर द्या. इंजिन बीएस-६ असेल तर त्याचा सायलेन्सरचा पूर्ण संच, सेन्सरसकट, बरोबर आणावाच लागतो. एक सेन्सर वगळला तरी ईसीयू काही तासांनी ताकद कापतो आणि ती तक्रार वर्षभर सुटत नाही.

बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) तपासायला टर्बोच्या इनलेटला टोपी बसवा, १ बार हवा भरा आणि इंटरकूलरच्या सगळ्या जोडांना साबणपाणी लावा. जुन्या गाडीची ऑइल बाथ एअर क्लीनर ठेवली असेल तर ती काढा. टर्बोच्या वाढलेल्या ओढीने तिचे ऑइल आत जाते. कोरडा कागदी एलिमेंट पुरेशा मापाचा बसवा.

उष्णतेने ताकद कापली असेल तर कोड सांगेलच. रेडिएटर आणि नव्याने पुढे लावलेला इंटरकूलर यांच्या मधल्या फटीत तांबडी माती साचते, बाहेरून पाणी मारून ती निघत नाही. दोन्ही वेगळे करून धुवा. फॅनभोवती श्राउड (हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणूनचे कवच) नसेल तर मोठा रेडिएटर लावूनही घाटात फरक पडणार नाही.

गियरबॉक्सकडून होणारी फसवणूक

कधी रेल दाब, बूस्ट, तापमान सगळे ठीक असते आणि गाडी तरी ओढत नाही. तेव्हा फेऱ्या पाहा. समजा टायर एका फेरीत २.४५ मीटर जातो आणि हाउजिंगचे प्रमाण ४.८६ आहे. तिसऱ्या गियरचे प्रमाण २.३ असेल तर १६०० फेऱ्यांवर गाडी तासाला सुमारे २१ किलोमीटर जाते. घाटात गाडी १४-१५ वर आली की इंजिन ११०० फेऱ्यांवर येते, टर्बो भरत नाही, आणि ड्रायव्हरला वाटते दम गेला. हा दोष दुरुस्त करायचा तर हाउजिंगचे क्राउन-पिनियन बदलावे लागते. ज्या गाडीतून इंजिन-गियरबॉक्स आले तिच्या हाउजिंगचे प्रमाण आणि टायर बसवण्याआधीच लिहून घ्या आणि हाच हिशेब करा.

फ्लायव्हील आणि त्याचे हाउजिंग नव्या इंजिनाचेच ठेवा. क्रँक सेन्सर फ्लायव्हीलवरच्या छिद्रांवरून फेऱ्या मोजत असेल तर जुने फ्लायव्हील बसवून भागत नाही. इंजिन चालते, पण भाराखाली अधूनमधून कट होते. बेल हाउजिंगचे मध्य साधायला डायल गेज लावून एक पूर्ण फेरी फिरवा. ०.१ मिमीच्या आसपास ठेवा. यापेक्षा जास्त असेल तर स्पिगॉट बेअरिंग दर काही महिन्यांनी जाईल आणि क्लच थरथरेल. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन एकमेकांशी १ अंशाच्या आत जुळलेले आणि ३ अंशांच्या खाली असावेत. क्लचचा स्विच आणि वेगाचा सिग्नल ईसीयूला मिळतो ना, तेही स्कॅनरवर पाहा. क्लच कायम दाबलेला दिसत असेल तर काही ईसीयू पूर्ण ताकद देतच नाहीत.

या सगळ्यात आरटीओचे काम मागे ठेवू नका. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ इंजिन बदलाला लागू होते. आधी परवानगी घ्या, आणि नवा इंजिन क्रमांक आरसीवर चढवून घ्या. विमा कंपनीलाही कळवा, कारण अपघातात क्रमांक जुळला नाही तर दावा अडकतो.

शेवटची तपासणी घाटात, भरलेल्या गाडीवर. मोले ते अनमोड एकदा चढा, गेज आणि स्कॅनर लावून. अर्ध्या चढावर सक्शन, मागितलेला दाब, प्रत्यक्ष दाब, बूस्ट आणि पाण्याचे तापमान हे पाच आकडे लिहा, तारीख आणि किलोमीटरसकट, आणि कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. सहा महिन्यांनी, पहिल्या पावसानंतर, त्याच वळणावर तेच पाच आकडे पुन्हा घ्या. सक्शन ०.१५ वरून ०.२५ वर गेलेले दिसले तर गाडी अजून ओढत असली तरी टाकीचे झाकण उघडून वरचा पत्रा पाहायची वेळ आली आहे.